सर कॉलिनचा दौरा आणि माझं आजारपण

रेड्सफोर्ड, लोहाराच्या दुकानातून
सोमवार, १० नोव्हेंबर १८७९

प्रिय एल्स्पेथ,

तुझं पत्र आधी ग्लेनफाराला आपल्या घरी गेलं. तिथून आपल्या घोडेवाल्या आर्चीने ते मेंढ्या नेणाऱ्या एका माणसाबरोबर पुढे पाठवलं, त्याने ते लोणी विकणाऱ्या बाईकडे दिलं, आणि माझ्या हातात पडलं तेव्हा त्याला तुझ्या डनेडिन शहरापेक्षा लोण्याचा वास जास्त होता. पण तुझं अक्षर पहिल्यापासून मोत्यासारखं, त्यामुळे सगळं वाचता आलं. एक-दोन ठिकाणी वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. तू लिहिलंस की महिना संपायच्या आत 'तो प्राणी' पेटिग्रूंना विकून टाक. टॉरन्स मंडळी अब्रूदार आहेत, तुझ्या गिल्बर्टचे वडील चर्चच्या पंचांत बसतात, आणि होणाऱ्या सुनेची आई पैदाशीच्या घोड्याचा दोर धरून शेतोशेत हिंडते हे त्यांच्या कानावर गेलं तर फेब्रुवारीतलं लग्न होणार नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती, की घोडा विकणार नसशील तर निदान लग्नाला येऊ नकोस. ती ओळ तू खोडली आहेस. पण तुझी शाई पातळ आहे, एल्स्पेथ.

मी रागावलेले नाही. सर कॉलिनचा मागचा नाल सैल झालाय आणि लोहाराच्या पुढे दोन बैलगाड्या आहेत, तेव्हा मला दुपारपर्यंत वेळ आहे. तुला सगळं एकदा पहिल्यापासून सांगते, म्हणजे शेवटी मला जे विचारायचंय ते तुला नीट कळेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी रेड्सफोर्डच्या मुख्य रस्त्यावरून घोड्यांची मिरवणूक निघते, ते तुला ठाऊक आहे; म्हणजे ठाऊक असून कधी पाहिलेलं नाही, कारण त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बायकांना मागच्या गल्लीतल्या दुकानातून दोरा हवा असतो. यंदा सात घोडे होते. आर्चीने सर कॉलिनची आयाळ लाल-निळ्या फितींनी इतकी सुरेख विणली होती की तुझ्या बाबांनी पाहायला हवी होती. पुढे पेटिग्रूंचा घोडा, मागे आपला, आणि मध्येच बँडवाल्याने ढोल बडवला. सर कॉलिनने एक पाऊल बाजूला टाकलं. फक्त एक. पण त्या बाजूला दगडी हौद होता आणि हौदाच्या अलीकडे आर्चीचा पाय. हाड मोडल्याचा आवाज ढोलापेक्षा मोठा होता असं आर्ची सांगतो, आणि दर खेपेला तो आवाज थोडा वाढतो. वीस मिनिटांत पेटिग्रू टोपी हातात घेऊन माझ्यासमोर हजर. 'वाईट झालं, बाई. आता तुमचा घोडा यंदा तबेल्यात उभा राहणार. एक हंगाम उभा राहिला की लोक नाव विसरतात. मी नेतो, तुम्ही काळजी करू नका.' इतक्या प्रेमाने बोलत होते की त्यांनी ढोलवाल्याला आधी काही सांगून ठेवलं होतं का, असा वाईट विचार माझ्या मनात आला. तो मी लगेच काढून टाकला. लगेच म्हणजे दोन दिवसांत.

सर कॉलिनसाठी त्रेचाळीस माद्यांची नावं आधीच लागलेली होती. छापलेली कार्डं घरोघर गेली होती: सोमवारी कुठे, मंगळवारी कुठे, कोणत्या पुलापाशी मुक्काम, आणि मध्यभागी सर कॉलिनची सात पिढ्यांची वंशावळ, जी आपल्या घराण्याच्या वंशावळीपेक्षा चार पिढ्यांनी लांब आहे. गडी शोधावा तर सगळे मेंढ्या कातरायला गेलेले. हा घोडा तुझ्या बाबांनी स्कॉटलंडहून आणला तेव्हा चौऱ्याण्णव दिवस ते जहाजाच्या पोटात त्याच्याशेजारी झोपले, तू आणि मी वर केबिनमध्ये. जूनमध्ये ते गेले, आणि ऑक्टोबरात मी त्यांचा घोडा ढोलाच्या एका टोल्यावर देऊन टाकायचा? मी दोर हातात घेतला. आर्चीने खाटेवरून शिकवण दिली. 'बाई, त्याच्या डाव्या अंगाने चाला, आणि त्याच्याशी बोलत राहा.' मी विचारलं, काय बोलू? 'काहीही बोला. मी हवेबद्दल बोलायचो. त्याला माझं पटायचं नाही, पण ऐकून घ्यायचा.'

पहिलं शेत हॅगर्टचं. मी सुतकाचे काळे कपडे घातलेले, हातात दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला एक टनाचा सर कॉलिन. हॅगर्ट फाटकापाशी आला आणि माझ्या पाठीमागे पाहू लागला. 'गॅलब्रेथ कुठे आहेत?' मी म्हणाले, मीच. 'नाही, ते कार्डावरचे. एम. गॅलब्रेथ.' मी म्हणाले, तीच मी, एम म्हणजे मॅरियन. त्याने खिशातून कार्ड काढून उलटं करून पाहिलं, मागच्या बाजूला माझा नवरा छापलेला असेल अशा आशेने. मग आम्ही हवेबद्दल बोललो. मग रविवारच्या प्रवचनाबद्दल. मग त्याच्या मेव्हण्याच्या मूळव्याधीबद्दल, जो विषय बाईसमोर काढायला त्याला काहीच संकोच वाटला नाही. पाऊण तासाने तो म्हणाला, 'बाई, आमच्याकडे एक... म्हणजे ती... आहे.' मी विचारलं, घोडी? 'तसं म्हणा.' आणि मान खाली घालून बायकोला बोलवायला गेला.

आणि इथेच गंमत झाली. आपण काय करत होतो ते आठव. घोडा शेतावर आला की खिडक्यांचे पडदे ओढून स्वयंपाकघरात बसायचं आणि भांड्यांचा आवाज करायचा. बाहेर काहीतरी भयंकर चाललंय असं मला बावीस वर्षं वाटत होतं. एल्स्पेथ, बाहेर चार पुरुष हातात पाइप धरून पावसाबद्दल बोलत उभे असतात. भयंकर प्रकार पाच मिनिटांत आटपतो आणि त्यानंतर पुन्हा पाऊस. तर हॅगर्टबाई हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, 'तुम्ही जा आत. चुलीवर दूध आहे, उतू जाऊ देऊ नका.' मग मला म्हणाली, 'ते तुम्हाला करडी घोडी दाखवतील. ती नको. ती आज लाथा मारेल, अजून तीन दिवस आहेत तिला. तांबडी आणते.' रोज दोनदा पाणी पाजणारी ती, दाणे घालणारी ती, पण घोडी कधी माजावर येते हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवरा कॅलेंडर पाहून सांगायचा. त्या दिवसापासून प्रत्येक शेतावर हेच. पुरुष आत दूध सांभाळतात आणि आम्ही बायका बाहेर काम उरकतो. केल्डनला तर एका आजीबाईने खुर्ची आणून अंगणात मांडली. 'सत्तर वर्षं पडद्यामागे बसले,' म्हणाली, 'आता सरळ बघते.' बघून झाल्यावर म्हणाली, 'एवढंच होय?' आणि खुर्ची उचलून आत गेली.

आता जे लिहिते ते तुला घोड्यापेक्षाही जास्त लागेल. मला हे काम आवडतं. मी दिवसाला बारा मैल चालते, गड्यासारखी जेवते आणि अंथरुणाला पाठ लागली की झोपते. तुझे बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, सगळ्यांना चहा देता देता रडायचं राहून गेलं. ते मी दुसऱ्या आठवड्यात, केल्डनच्या चढावर, सर कॉलिनच्या मानेला टेकून केलं. तो थांबला. तेवढ्या वेळात त्याने वाटेकडेचं कुणाचं तरी सलगमाचं अर्धं रान खाल्लं, पण थांबला.

तरीही तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस विचार केला. एकीकडे घोडा, एकीकडे तू; यात तोलायचं काही नव्हतं. पण मला टॉरन्सांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांना खरंच हे चालत नसेल तर सर कॉलिनला पेटिग्रूंच्या दारी बांधायचं आणि घरी जायचं, असं मी ठरवलं. आणि ते ऐकणं अवघड नव्हतं, कारण माझ्या यादीत परवाच्या शनिवारसमोर नाव होतं: ए. टॉरन्स, ब्रेहेड. हो, तेच. तू उभी असलीस तर बस.

मी काही चोरून गेले नाही. डोक्यावर चांगली टोपी घातली, ओढ्यावर बूट धुतले, आणि वाटभर सर कॉलिनला बोलून दाखवलं की काय म्हणायचं: नमस्कार, मी मॅरियन गॅलब्रेथ, तुमच्या होणाऱ्या सुनेची आई, आणि हा आमचा घोडा. सरळ, स्वच्छ. अँड्र्यू टॉरन्स फाटकापाशी उभे होते, उंच, पांढरी दाढी, चेहरा असा की हसू आलं तर त्याला बसायला जागा नाही. त्यांनीही माझ्या पाठीमागे पाहिलं, पण तोवर मला सवय झाली होती. मी तोंड उघडणार तोच टॉरन्सबाई पायऱ्या उतरून आल्या, ठेंगण्या, गोल, डोळे चिमणीसारखे. 'कार्डावरच्या गॅलब्रेथ तुम्हीच का? मग ग्लेनफाराच्या मिसेस गॅलब्रेथ तुमच्या कोण? आमच्या गिल्बर्टचं जिच्याशी ठरलंय ना, त्या एल्स्पेथची आई. बिचारी दीड वर्षं अंथरुणाला खिळून आहे.'

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. ओढ्यानंतरही त्यांच्यावर दीड मैलाचा ताजा चिखल होता. तू पत्रात लिहिलं होतंस की 'त्यांना अजून काहीच कळलेलं नाही.' काहीच म्हणजे किती काहीच, हे मला तिथे उभं राहून कळलं. खरं सांगता आलं असतं, नाहीतर तिथूनच परत फिरता आलं असतं. तुझ्यासाठी मी तिसरंच केलं. मी म्हणाले, 'चुलत जाऊ.' सर कॉलिनने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला मी वाटभर वेगळं सांगितलं होतं.

'बरी आहे का हो आता?' बाईंनी विचारलं. मी म्हणाले, चढउतार आहेत. हात आपोआप कमरेवर गेला. 'पाठीचं का? एल्स्पेथ तर छातीचं म्हणत होती.' मी म्हणाले, 'छातीतलंच आता पाठीत उतरलंय.' त्यांनी फार हळहळून मान हलवली आणि मला जेवायला आत नेलं. मी मटणाचं सूप दोनदा घेतलं, बटाटे तीनदा. बाई कौतुकाने म्हणाल्या, 'तुमच्या जावेला अशी भूक लागती तर.' मी घास गिळला आणि म्हणाले, तिला जरा पेजच पचते.

जेवणानंतर घरातली प्रार्थना. आम्ही सगळे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर. टॉरन्स आधी राणीसाठी, मग पिकांसाठी, मग अँगसच्या दुखऱ्या दातासाठी बोलले, अँगस म्हणजे त्यांचा गडी. आणि मग माझ्यासाठी. सात मिनिटं. माझ्या पाठीमागे भिंतीवरचं घड्याळ होतं, मी ठोके मोजले. माझ्या सहनशीलतेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, माझ्या निमूट दुखण्याचं उदाहरण जगातल्या धडधाकट, भटक्या बायकांपुढे ठेवलं, आणि पुन्हा माझ्या पायांवर उभं राहण्याचं बळ मला मिळो असं मागितलं. एल्स्पेथ, मी आयुष्यात इतक्या मनापासून आमेन म्हटलेलं नाही. नंतर उठताना गुडघा भरला होता, तेव्हा टेबलाला धरून उठले.

चहाच्या वेळी मी धीर करून विचारलंच. 'टॉरन्ससाहेब, बाईने असा घोडा घेऊन फिरणं तुम्हाला कसं वाटतं?' त्यांनी चहात साखर घातली. 'शोभत नाही,' म्हणाले. मी मनात म्हटलं, ठरलं तर मग. तोच पुढे म्हणाले, 'पण घोडा शोभतो.' मी विचारलं, आणि समजा तुमच्या होणाऱ्या सुनेच्या घरातलं कुणी असं करत असतं तर? 'तो प्रश्नच येत नाही, बाई. ती माउली अंथरुणात आहे. देवाची कृपा.' टॉरन्सबाई टोपलीतल्या मोज्याचं रफू करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई थांबली होती.

शनिवारी सायंकाळी त्यांची घोडी जेसी हिला कुंपणाशी आणून पाहिली. तिने फळीला अशी लाथ मारली की वरचा खिळा माझ्या चांगल्या टोपीत येऊन बसला. म्हणजे वेळ झाली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही, वाटेला लागायचं नाही, म्हणून मी आणि सर कॉलिन तिथेच. चर्चहून परत आलो तर जेसी कुंपणाला चिकटून उभी, शेपूट बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, अगदी सोमवारपर्यंत न थांबणारी. ती अठरा वर्षांची आहे, यंदाचा बहुधा शेवटचाच हंगाम, आणि सोमवारी सकाळी मला निघायलाच हवं होतं; पुन्हा तीन आठवड्यांनी येणार. टॉरन्स कुंपणापाशी येऊन पाहून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. याच माणसाने मागच्या वर्षी एका विधुराला रविवारी बटाटे उकरले म्हणून पंचांपुढे उभं केलं होतं, आणि त्याने मूठभरच उकरले होते. ते आत जाऊन धर्मग्रंथ उघडून बसले. जेवायला आले नाहीत. चार वाजता बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. 'ग्रिझेल,' बायकोला म्हणाले, 'आपण आजवर चुकत होतो. देवाने सृष्टी घडवली तेव्हा दिवस मोजताना संध्याकाळ आधी धरली, सकाळ नंतर. म्हणजे दिवस सूर्यास्ताला संपतो. सूर्य बुडाला की शब्बाथ संपला.'

टॉरन्सबाईंनी मोजा खाली ठेवला. 'म्हणजे मग तो काल सूर्य बुडाल्यावर सुरू झाला होता?'

'तसंच म्हणावं लागेल.'

'काल सूर्य बुडाल्यावर तुम्ही दाढी केलीत, बूट घासलेत, आणि अँगसला डुकराच्या सौद्यासाठी मॅकीकडे पाठवलंत.'

टॉरन्सांनी दाढी कुरवाळली. 'ते अज्ञानात घडलं,' म्हणाले.

मग आम्ही सगळे ओसरीवर बाक टाकून सूर्य बुडायची वाट पाहत बसलो. इतक्या भक्तीने सूर्याकडे पाहणारं दुसरं प्रेस्बिटेरियन घर या बेटावर नसेल. तो डोंगराच्या कडेवर येऊन जो बसला तो हलेचना. अँगस म्हणाला, बुडाला. टॉरन्स म्हणाले, नाही, अजून कड दिसते, फसवणूक चालणार नाही. शेवटी कड गेली. टॉरन्सांनी घड्याळ पाहिलं, आणखी दोन मिनिटं देवासाठी जास्तीची सोडली, आणि मग कोठाराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टॉरन्सबाईंनी घोडीचं तोंड धरलं, मी सर कॉलिनचा दोर. 'झालं का?' भिंतीने विचारलं. 'अजून सुरुवात नाही,' बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, 'झालं का?' 'झालं. वळा आता, आणि हिला चालवा जरा.' या हंगामात सर कॉलिनने जितकी कामं केली त्यांत हे सगळ्यात शास्त्रशुद्ध झालं, यात शंका नाही.

आज सकाळी मी निघाले. टॉरन्सांनी हात पुढे करून माझा हात हलवला, कार्डावर सही केली, आणि म्हणाले, 'पुढच्या वर्षीही यालच.' विचारलं नाही, सांगितलं. फाटकापर्यंत टॉरन्सबाई एकट्या आल्या. त्यांनी माझ्या हातात फ्लॅनेलचा तुकडा दिला, पाठीला बांधायला, आणि वासराच्या पायांच्या जेलीची बरणी, 'तुमच्या जावेसाठी.' (जेली मी पुलाशी बसून संपवली. आजाऱ्यासाठी केलेली असूनही चांगली होती.) मग म्हणाल्या, 'वीस तारखेला, गुरुवारी, मी स्वतः ग्लेनफाराला जातेय तिला भेटायला. लग्नाआधी विहिणीचं तोंड पाहिलेलं बरं. तिला कळवा.' मी म्हणाले, कळवते. मी दहा पावलं गेले असेन. त्यांनी मागून हाक मारली. 'आणि तिला सांगा, ओल्या गवतातून चालताना तो डावा गुडघा जपत जा. परवा प्रार्थनेनंतर उठताना चांगलाच दुखत होता.' मी वळले तोवर त्या फाटक लावून घराकडे निघाल्या होत्या.

त्यांना कळलेलं आहे, एल्स्पेथ. बहुधा पहिल्या संध्याकाळपासून. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं नाही आणि मलाही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना ते माझ्याकडून ऐकायचंच नाही. म्हणून वीस तारीख सांगितली, उद्याची नाही. ते दहा दिवस त्यांनी मला दिलेले नाहीत.

म्हणून हे पत्र. वीस तारखेला मी अप्पर केल्डनला असणार, घरापासून तीस मैलांवर. तिथल्या पाच घोड्या माझी वाट पाहत आहेत आणि ग्लेनफाराच्या अंथरुणात कुणीही नसणार. त्याआधी तू ब्रेहेडला जाऊन टॉरन्सबाईंना खरं सांगू शकतेस. त्या तुला खायला घालतील, रागावणार नाहीत. त्यांच्या नवऱ्याला काय आणि कधी सांगायचं ते त्या बघतील. त्या माणसाला एक दुपार आणि धर्मग्रंथ दिला की तो वाट काढतो, हे मी पाहिलंय. पण हे तुझ्याने होणार नसेल तर तेही लिही. मी सर कॉलिनला पेटिग्रूंकडे बांधेन, घरी जाईन आणि पडून राहीन. मला नीट पडता येतं, कण्हेनसुद्धा, आणि तुझ्या लग्नाच्या दिवशीही पडूनच असेन, म्हणजे ती खोडलेली ओळही खरी होईल. फक्त एवढं ध्यानात घे की एकदा पडले की मला पुन्हा उठता येणार नाही. तुझी मुलं मला अंथरुणातच ओळखतील, त्यांना माझ्या पायांवर उड्या मारायला मनाई करावी लागेल, आणि मी त्यांना खिडकीतून हात हलवीन. तुझ्यासाठी मी तेही करीन, आणि हे मी तुला लाजवायला लिहीत नाही. आपल्या दोघींचं बोलणं जुळावं म्हणून सांगून ठेवते: दुखणं छातीतून पाठीत उतरलंय, पेज पचते, बटाटे नाहीत. लोहार हाक मारतोय, घोडा तयार आहे. पुढच्या मंगळवारच्या आत अप्पर केल्डनच्या पोस्टात पोचेल असं उत्तर टाक. लांबलचक नको. 'ऊठ' किंवा 'झोप', एवढा एक शब्द पुरे.

तुझीच, हे लिहीपर्यंत तरी पायांवर असलेली,
आई